काम केलेले नाही

वाळूजच्या विमा कचेरीत, खिडकी नंबर दोन.
फॉर्मवर छापूनच येतं ते वाक्य :
या काळात मी कोणतेही काम केलेले नाही.
खाली सही.
सात महिने करत आले, बिनघोर.
मणक्याच्या टीबीचा पट्टा आवळायचा,
पाणी भरायचं, भाकरी थापायच्या,
आणि येऊन सही करायची, काम केलेलं नाही.
कुणालाच त्यात खोटं दिसलं नाही.
मलाही नाही.

आठव्या महिन्यात पेन अडला.

त्याचं असं झालं, की रांजणगावात आमच्या गल्लीत
इस्माईल वेल्डरची शाहिस्ता, जन्मापासून आंधळी,
दहावीला बसलेली. तिला लेखनिक पाहिजे.
आणि नियम असा,
लिहिणारा तिच्याहून कमी शिकलेला हवा.
सगळी गल्ली बारावी, आयटीआय, एफवाय नापास.
नववी पास मी एकटीच निघाले.
माझं शिक्षण सुटलं होतं
ते पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं.

ती बोलायची, मी लिहायची.
तिसऱ्या तासाला पाठीत विळा फिरे,
मग उभी राहून, खिडकीच्या कट्ट्यावर पेपर ठेवून.
इतिहासात तिनं एक सन चुकीचा सांगितला.
मला बरोबर ठाऊक होता.
हात थांबला.
पण उत्तर तिचं.
चुकीचाच सन लिहिला, सुवाच्य अक्षरात.

शेवटच्या दिवशी शाळेनं पाकीट पुढं केलं,
मानधन, इथं सही करा.
नाही केली.
चहा घेतला. एका दिवशी रिक्षाचे वीस रुपये घेतले होते.

जाऊ म्हणाली, येडी का काय तू?
कोण बघायलंय तिथं?
रोज हंडे उचलतीस, ते सांगितलंस का कधी?
तिचं बरोबर होतं.
माझ्याकडं उत्तर नव्हतं, तरी निघाले.

कुलथेसाहेबांनी फॉर्म उलटासुलटा केला.
याला रकाना नाही, बाई.
मग समासात लिहिते.
समासात चालत नाही.
मग चष्मा वर सारून :
तीन तास बसता येतं, तर कंपनीत का नाही?
कंपनीत स्टूल नाही साहेब,
प्रेसवर आठ तास उभं राहावं लागतं.
त्यांनी एक कोरा कागद सरकवला, पाठकोरा,
मागं कुणाच्या तरी बाळंतपणाचा हिशोब.

इतके दिवस दुसरीचं लिहिलं,
आता माझं मलाच सांगून मलाच लिहायचं होतं.
मी, चंद्रकला धोंडीराम वाघचौरे,
सात पेपर लिहिले, दुसरीच्या नावानं.
मोबदला नाही. रिक्षाचे वीस.
बसले तेव्हा दुखलं, उभी राहिले तेव्हाही.
हे काम आहे का, ते आपण ठरवावं.

आवकचा शिक्का बसला, थोडा तिरपा.

त्याला आता दोन महिने झाले.
पैसे आलेले नाहीत.
मंगळवारी चिकलठाण्याला बोलावलंय,
डॉक्टर पाहणार आहेत, किती वाकता येतं.
किराणावाल्यानं वही काढली, काही बोलला नाही,
नुसती उघडी ठेवली.
जाऊ बोलत नाही. डाळ मात्र आणून ठेवते.

काल टँकरच्या रांगेत
शाहिस्ता शेजारी येऊन बसली, कळशी मांडीत धरून.
काकू, इतिहासाच्या पेपरात
तुमचं पेन थांबलं होतं एकदा.
माझा सन चुकला होता ना?

हो म्हणाले.

मग दोघी बराच वेळ
टँकरची वाट पाहत बसलो.
तिला तो माझ्या आधी ऐकू आला.